मिक्सरमधला मोसंबीचा रस तासाभरात कडू होतो, काय करू?

सायलीची_आई
मंडळी, मदत हवी आहे. सासऱ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय, तोंडाला चव नाही. एक गोष्ट मात्र मागून घेतात, मोसंबीचा रस. कोपऱ्यावरच्या गाडीवरून आणायचा तर बर्फ कुठल्या पाण्याचा कोण जाणे, म्हणून मी घरीच काढते. मोसंबी सोलायची, फोडी मिक्सरच्या मोठ्या भांड्यात घालायच्या, थोडं पाणी, छान बारीक होईपर्यंत फिरवायचं आणि गाळायचं.
लगेच चाखला तर बरा लागतो. पण त्यांची आंघोळ-पूजा होऊन ते घ्यायला बसेपर्यंत तास-दीड तास जातो, आणि तोवर रस चक्क कडू झालेला असतो. साखर घातली तरी घशात मागून कडूपणा येतोच. फळवाला बदलून पाहिला, तरी तेच. गाडीवाल्याचा रस कधी कडू लागत नाही, तो नेमकं काय करतो?
ज्यूसर घ्यावा का? नवऱ्याचं म्हणणं, आधीची तीन यंत्रं माळ्यावर आहेत, ती आधी खाली काढ.
उन्हाळाही तोंडावर आलाय, तेव्हा मिक्सरमध्ये होणारे ताज्या फळांचे बाकीचे गार प्रकारही लिहा. आइस्क्रीम घातलेले नकोत.

अवलक्षणी
बिया काढता का?

सायलीची_आई
दिसतात तेवढ्या काढते. फोडीच्या आतल्या राहत असतील.

अवलक्षणी
मग दुसरीकडे शोधायला नको. बी भरडली गेली की रस कडू झालाच म्हणून समजा.

चकलीवाला
सोपा उपाय: रस आंघोळीच्या आधी द्या. देवाची हरकत नसावी.

निवृत्त_नाना
चकलीवाले, तुम्ही गमतीत बोललात पण खरं बोललात.
माझ्या मेहुण्याचं बरीच वर्षं एस. टी. स्टँडसमोर ज्यूस सेंटर होतं. सुट्टीत मीही गल्ल्यावर बसायचो. मोसंबी तो कधी सोलायचा नाही. आडवी कापून दोन अर्धुकं, ती दांड्याच्या प्रेसमध्ये, एक दाब, की साल बाजूला. शेवटच्या थेंबापर्यंत पिळायचं नाही हा त्याचा दंडक. नव्या पोराने जोर लावला की ओरडायचा, "सालीचं पाणी विकतोस काय?" बिया जाळीवर अख्ख्या राहायच्या. मग साखरेचा पाक, चिमूट मीठ, बर्फ, आणि ग्लास हातात. गिऱ्हाईक उभ्या उभ्या पाच मिनिटांत संपवणार. कडू व्हायला रसाला सवडच कुठे मिळते?
पार्सल मागणाऱ्याला तो सांगून ठेवायचा, घरी गेल्या गेल्या प्या. कोणी ऐकायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी भांडायला यायचे.

मूलद्रव्य
नानांच्या मेहुण्यांना रसायनशास्त्रात पैकीच्या पैकी!
सायलीची_आई, तुमच्या रसाला जे होतं त्याच्यामागे लिमोनिन नावाचं द्रव्य आहे. मोसंबी-संत्र्याच्या पांढऱ्या सालीत आणि फोडींच्या पापुद्र्यात ते तयार नसतं. तिथे त्याचं एक पूर्वरूप असतं आणि ते कडू नसतं. म्हणून तुम्ही फोड पापुद्र्यासकट चावून खाल्लीत तरी गोड लागते. पण मिक्सरमध्ये ते सगळं फाटतं, पूर्वरूप आंबट रसात मिसळतं आणि त्या आंबटपणामुळे हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. याला वेळ लागतो, म्हणून ताजा रस गोड आणि तासाने कडू. उष्णतेने हा बदल लवकर होतो. उकळलेल्या रसाचं तर विचारूच नका. बियांमध्ये तर लिमोनिन भरपूर असतं, त्यामुळे बी दळली की कडूपणाला वाटही पाहावी लागत नाही.
पपनस किंवा ग्रेपफ्रूटचं वेगळं. त्यातलं नारिंजिन पहिल्या घोटालाच कडू लागतं.
तेव्हा तुमच्या फळवाल्याला दोष देऊ नका, त्या "छान बारीक होईपर्यंत"ला द्या.

शंकासूर
मग फ्रीजमध्ये ठेवला तर?

मूलद्रव्य
वेग मंदावतो, थांबत नाही. रस ठेवायचाच असेल तर फोडी सोलून ठेवा आणि प्यायच्या वेळी फिरवा.

जालनेकर
आमची मोसंबीचीच बाग आहे, म्हणून थोडं फळाबद्दल. मूलद्रव्य यांनी सांगितलं त्यात एक भर: फळ जितकं कच्चं तितका हा कडूपणा जास्त. पिकत जातं तसं ते द्रव्य कमी होतं. भाव चढा असला की लवकर तोडलेला माल बाजारात येतो, तो रसाला चांगला नसतो.
आता पिकलेलं फळ ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नका. शहरातले लोक पिवळी मोसंबी शोधतात. साल पिवळी पडायला थंड रात्री लागतात. उष्ण हवेत फळ आतून तयार असूनही वरून हिरवं राहतं. हातात घेऊन बघा. आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे, साल पातळ आणि तुकतुकीत पाहिजे. खडबडीत, जाड सालीचं, हलकं फळ म्हणजे पांढरा गर जास्त आणि रस कमी.
बहार म्हणजे झाड फुलण्याचा हंगाम. आंबे बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे येतात, मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडाशी. तुम्हाला आत्ता मिळतील ती मृगाची.

वऱ्हाडी_ठसका
मोसंबी मोसंबी काय लावलं जी, संत्रा कुठं गेला?
नागपुरी संत्र्याची साल ढिली असते, अर्धं कापून प्रेसमध्ये दाबायला गेलं तर सालच आधी चुरते. म्हणून आमच्या घरी दोनच पद्धती. एक, फोडी सोलून आतला गर मोकळा करायचा आणि हातानं कुस्करायचा. वेळ जातो, पण तसा रस कुठंच मिळत नाही. दुसरी आळशी लोकांची, म्हणजे माझी: फोडींच्या पोटाकडची कड कात्रीनं कापायची, बिया तिथंच असतात, दाबल्या की बाहेर. मग मिक्सरचं बटण डावीकडे वळवून सोडायचं, परत वळवून सोडायचं. तीन-चार झटके, बस. गर फुटतो, पापुद्रा तसाच राहतो. गाळला की झालं. पापुद्र्याचं पीठ केलं की संत्रा रुसतो.

सायलीची_आई
कात्रीची युक्ती भारी आहे. मी नखाने बिया काढत बसते.

सॅन_होजेकर
इकडचा अनुभव. इथे दुकानात नेव्हल आणि व्हॅलेन्सिया अशी दोन जातींची संत्री असतात. नेव्हलला बी नाही, सोलायला सोपं, खायला गोड, म्हणून आमच्याकडे पेटीने यायचं. त्याचा रस काढून ठेवला की हाच प्रकार, कडू. बी नसूनसुद्धा! मला वाटायचं मिक्सरच्या भांड्यातलं काही उतरतंय. नंतर कळलं की नेव्हल या बाबतीत बदनामच आहे, म्हणून रसासाठी व्हॅलेन्सिया वापरतात. आता खायला नेव्हल, प्यायला व्हॅलेन्सिया.

अवलक्षणी
म्हणजे माझं बियांचं निदान अर्धंच बरोबर. मान्य नाही, पण ठीक आहे.

पोळपाट_लाटणे
कडवटपणावर चिमूटभर साधं मीठ घालून बघा. साखरेच्या आधी मीठ. मिठाने कडू चव दबते. रसाला खारट चव येईल इतकं नको, नखावर बसेल इतकंच. आणि कृपा करून चाट मसाला नको. फळाचा वास मारून टाकतो.

चकलीवाला
चाट मसाल्याचा अपमान सहन केला जाणार नाही. कलिंगडाच्या रसात चाट मसाला नाही तर काय घालणार, गोडा मसाला?

पोळपाट_लाटणे
कलिंगडात लिंबू, पुदिना, पादेलोण. संपलं.

कोकणकडा
कलिंगडाचा विषय निघालाच आहे तर लिहितोच. घरोघरी कलिंगडाचा रस एकाच कारणाने बिघडतो, मिक्सर फार वेळ फिरवतात. कलिंगडात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, त्याला दळायचंय काय? जास्त फिरवलं की हवा भरते, वर गुलाबी फेस, खाली फिकट पाणी. शिवाय बिया भरडल्या जाऊन रसात काळी कुसळं.
आमच्याकडे आजी कलिंगडाचे तुकडे पातेल्यात घालून रवीने घुसळायची, ताकासारखं. गर फुटतो, बिया अख्ख्या राहतात, मोठ्या भोकांच्या चाळणीवर ओतलं की वेगळ्या होतात. फेस नावाला. मी अजून तसंच करतो. मिक्सरपेक्षा वेळ जास्त लागत नाही, कारण मिक्सर धुवावा लागतो.
आणि पाणी, बर्फ, साखर यातलं काहीही कलिंगडात घालायचं नाही. गार हवा असेल तर निम्मे तुकडे आदल्या रात्री फ्रीजरमध्ये टाका. तेच बर्फाचं काम करतात आणि रस पांचट होत नाही. ते घुसळायला मात्र रवी चालणार नाही, तिथे मिक्सरला शरण. त्या तुकड्यांच्या बिया आधी काढा. वरून लिंबू पिळाच, कलिंगडाला स्वतःचा आंबटपणा जवळजवळ नसतो, नुसतं गोड पाणी लागतं.
सब्जा भिजवून घातला तर पाहुण्यांसमोर ठेवण्यासारखं दिसतं.

शंकासूर
गोठवलेले तुकडे मिक्सरमध्ये घालून पातं मोडलं तर?

कोकणकडा
लहान तुकडे करा, पाच मिनिटं बाहेर ठेवा, आणि आधी साधे तुकडे खाली घाला. सुरीलाही घाबरता का हो तुम्ही?

गृहकृत्यदक्ष
एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. ज्या भांड्यात लसणाची चटणी वाटता त्यात रस काढू नका. धुतलं तरी झाकणाच्या रबराला वास राहतो. आमच्याकडे एकदा अननसाच्या रसाला खमंग फोडणीचा वास आला होता आणि पाहुणे सभ्य असल्यामुळे ग्लास संपवून गेले.
रबर काढून गरम पाण्यात लिंबाच्या सालीसोबत भिजत घाला. तरी वास गेला नाही तर रबर बदला, स्वस्त मिळतं.

चकलीवाला
लसूण-अननस! पुण्यात एखाद्या कॅफेत तीनशे रुपयांना विकलं जाईल.

मधुरा_घाटपांडी
अननस निघाला म्हणून विचारते. मी अननस आणि दूध एकत्र फिरवलं, दोन मिनिटांत फुटलं आणि कडू जहर. फक्त आंबटपणामुळे का?

मूलद्रव्य
आंबटपणा आहेच, पण कडूपणा ब्रोमेलेनमुळे. अननसातलं हे विकर, म्हणजे एन्झाइम, दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं आणि ते तुकडे चवीला कडू असतात. कच्ची पपई आणि किवी यांतही अशीच विकरं असतात. अननस आधी साखरेत शिजवून गार करून घ्या, उष्णतेने ब्रोमेलेन निकामी होतं. मग दुधात घातला तरी कडू होणार नाही. डब्यातल्या अननसाला हा त्रास नसतो तो त्यामुळेच.

आयुर्मित्र
मुळात फळं आणि दूध एकत्र करायचंच कशाला? चरकसंहितेत सूत्रस्थानात विरुद्ध आहार सांगताना आंबट फळं दुधाबरोबर घेऊ नयेत असं स्पष्ट आहे. आपण मिल्कशेकच्या नावाखाली रोज तेच करतो.

चकलीवाला
आणि आमरसात दूध घालणारे?

पोळपाट_लाटणे
आमरसात दूध घालणाऱ्यांचं आपण नावही घेऊ नये. तूप आणि मिरपूड.

वऱ्हाडी_ठसका
आमच्याकडे घालतात दूध. या हाणायला.

आयुर्मित्र
गोड, पूर्ण पिकलेला आंबा वेगळा. मी आंबट फळांबद्दल बोलतोय. स्ट्रॉबेरी, अननस, संत्रं.

मूलद्रव्य
ग्रंथातलं कारण आणि प्रयोगशाळेतलं कारण वेगळं असेल, पण अननस-दुधाच्या बाबतीत निकाल एकच लागतो, सिंकमध्ये ओता.

(आमरसावरचे पुढचे एकवीस प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे फक्त रस. – संपादक)

स्टेथोस्कोप
पेशाने डॉक्टर आहे, म्हणून दोन गोष्टी. एका ग्लासाला तीन-चार मोसंबी लागतात. एरवी आपण एका बैठकीत चार मोसंबी खात नाही, पण पितो सहज. मधुमेह असेल तर फळ चावून खाल्लेलं बरं. रस गाळला की चोथा जातो आणि साखर रक्तात भराभर चढते. सासऱ्यांना मधुमेह असेल तर रोजच्या रसाचं त्यांच्या डॉक्टरांना विचारा.
दुसरं, वर पपनस-ग्रेपफ्रूटचा उल्लेख आलाय. ग्रेपफ्रूटमुळे कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. पपनसातही तशी द्रव्यं आहेत. गोळ्या चालू असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय पिऊ नये. मोसंबीची तशी भीती नाही.
ताजा रस बाहेर काढून ठेवूही नका, विशेषतः आजारातून उठलेल्या माणसासाठी. कडू होण्याआधी तो खराब होण्याची काळजी करा.

सायलीची_आई
धन्यवाद डॉक्टर. मधुमेह नाही, पण विचारून घेते. तासभर झाकून ठेवायचं बंद.

गोंयकार
तुमचं रस-पुराण वाचून घरची आठवण आली. एप्रिलात आमच्याकडे काजूची बोंडं तुडवतात, मळतात, त्या चोथ्याचा ढीग करून वर वजन ठेवतात आणि मग जो रस आपोआप ठिबकतो तो नीरो. मिक्सर नाही, गाळणी नाही. सकाळी गार करून मीठ घालून प्यायचा. ऊन चढलं की आंबायला लागतो. पुढे भट्टीवर चढला की त्याचा हुर्राक, म्हणजे काजूची दारू होते, पण त्याचा या धाग्याशी संबंध नाही असं संपादक म्हणतील.

चकलीवाला
संबंध नाही, पण कुतूहल आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

जुनी_जखम
ज्यूसरबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून: कोल्ड प्रेस ज्यूसर आहे माझ्याकडे, खोक्यासकट. रस उत्तम काढतो. धुवायला सात सुटे भाग, एक चिवट जाळी आणि एक खास ब्रश. रोज गाजर-बीट-सफरचंद पिणारं घर असेल तर घ्या. फक्त मोसंबीसाठी असेल तर ते अर्धुकं पिळायचं काचेचं नाहीतर स्टीलचं पिळणं आणा. कोणाला माझा ज्यूसर हवा असल्यास कोथरूडला येऊन घेऊन जा, चहा पाजीन.

मधुरा_घाटपांडी
सफरचंदावरून आठवलं, त्याचा रस डोळ्यांदेखत तपकिरी होतो. लिंबू पिळल्याने खरंच थांबतं?

मूलद्रव्य
बऱ्यापैकी. कापलेल्या सफरचंदातली विकरं हवेतल्या प्राणवायूशी काम करतात, लिंबाचा आंबटपणा आणि क जीवनसत्त्व त्यांना रोखतं. लिंबू मिक्सर फिरवायच्या आधी घाला, नंतर घालून उपयोग कमी. मिक्सर हवा भरत असतो ना.

सायलीची_आई
अहवाल देते. जालनेकरांचं ऐकून जड, पातळ सालीची फळं घेतली. फळवाला म्हणाला, "ताई, हिरवी घेताय?" मी म्हटलं, हो. बाकी सगळं वऱ्हाडी पद्धतीने, कात्री आणि मिक्सरचे चार झटके. मीठ नखावर. अर्धा ग्लास लगेच सासऱ्यांना दिला, अर्धा मुद्दाम ओट्यावर ठेवून तासाने मी चाखला. किंचित कडसर होता, पण आधीचा तो घशातला कडूपणा नाही.
पिळण्यानेही करून पाहिला. तो जास्त स्वच्छ आणि गोड, पण फळ जास्त लागतं. सासऱ्यांना दाट रस आवडतो, त्यामुळे मिक्सरच जिंकला. पूजेच्या वेळेबद्दल त्यांच्याशी वाटाघाटी चालू आहेत. सध्या ते "आधी नैवेद्य दाखव" यावर अडले आहेत.

निवृत्त_नाना
मग फोडी सोलून नैवेद्य दाखवा आणि आरती झाली की मिक्सर लावा. फळ कापलं म्हणून देव रागावत नाही.

जालनेकर
नाना, पटलं.

वाचनमात्र_होतो
इतके दिवस नुसता वाचत होतो, आज खातं काढलं. डाळिंबाचं कोणी सांगेल का? मिक्सरमधून काढलं की रस तुरट आणि मातकट रंगाचा होतो. फळं सोलापूरची भगवा जातीची आहेत, गोड आहेत.

वऱ्हाडी_ठसका
तेच झटके. दाणा फुटला पाहिजे, आतली बी नाही. दोन-तीनदा वळवून सोडा, मग गाळणीत घेऊन चमच्यानं दाबा. पांढरी पडदी एकही राहू देऊ नका, तुरटपणा तिथूनच येतो.

पोळपाट_लाटणे
किंवा दाणे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून लाटणं फिरवा आणि गाळा. बी फुटतच नाही. पिशवी मात्र चांगली जाड घ्या, आणि पांढरा शर्ट घालून करू नका.